ओट्याखालची वीतभर जागा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमधून एक विचारणा निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होत आहे. घरामागच्या अंगणात जमिनीलगतचा लाकडी ओटा, ज्याला आता सर्रास 'डेक' म्हटले जाते, तो करावा काय? करावा तर कोणत्या लाकडाचा? आणि त्याला वाळवी लागली तर? एका भगिनीने तर "औषध मारायचे नाही, मग करायचे काय?" एवढ्या एका ओळीवर आपले पत्र संपविले आहे.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार साधा आहे. हा ओटा मी दोनदा बांधला. पहिला दोन वर्षांत उखडावा लागला. त्यामुळे आजचा बराचसा मजकूर त्या पहिल्या ओट्याने शिकविलेला आहे.

आमचे जुने घर नाशिकच्या सराफ बाजारापासून हाकेच्या अंतरावर होते. पुढे कापडाचे दुकान, मागे राहणे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि वाडा उतरविण्याचे ठरले, तेव्हा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने सांगितलेली रक्कम मोहात पाडणारी होती. खांब गेले, तुळया गेल्या. माजघरावरची तक्तपोशी मात्र आईने विकू दिली नाही. "बाकीचं काय ते करा, माझ्या डोक्यावरच्या फळ्या तेवढ्या राहू द्या," असे ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासूनचे तिचे सारे आयुष्य त्या फळ्यांखाली गेले होते. त्या फळ्या मग गंगापूर रोडवरील नव्या घराच्या गच्चीवर प्लास्टिकखाली चार वर्षे पडून राहिल्या.

नव्या घराच्या मागच्या दारातून अंगणात उतरायला दोन पायऱ्या होत्या. उंबरा जमिनीपासून चौदा इंच उंच. आई सकाळचे कोवळे ऊन अंगावर घेत सामायिकेला अंगणात बसत असे. एका डिसेंबरात दुसऱ्या पायरीवर तिचा पाय सरकला आणि मनगट मोडले. हात बरा झाला, परंतु त्यानंतर ती अंगणात उतरेना. दाराच्या आत, जेथवर ऊन येते तेथवर आसन टाकून बसू लागली, आणि ऊन सरकले की आसन सरकवू लागली. ते पाहून गच्चीवरच्या फळ्यांची आठवण झाली. उंबऱ्याशी समपातळीत ओटा केला तर पायरीच उरणार नव्हती. डोक्यावरच्या फळ्या पायांखाली घालण्याचा विचार तिला आवडेल की नाही याची मला शंका होती. तिने एक दिवस घेतला आणि म्हणाली, "चालेल. प्लास्टिकखाली ठेवून तरी काय उपयोग?"

पहिला ओटा बारा फूट बाय आठ फूट. वरच्या फळ्या वाड्याच्या जुन्या सागवानाच्या. खालची चौकट मात्र बाजारातल्या स्वस्त, हलक्या लाकडाची. मिस्त्री म्हणाला, "शेठ, खालचं कोणाला दिसतंय?" आणि मी मान डोलावली. दर्शनी काचेत उत्तम माल आणि गोदामात हलका, हा प्रकार मी दुकानात कधी चालू दिला नसता. घरी चालू दिला. चौकट विटांच्या तुकड्यांवर टेकविली. मधल्या जागेत माती थोपटली. शोभेसाठी चारही बाजू फळ्यांनी बंद केल्या. लोखंडी स्क्रू लावले आणि वरून चमकदार मेलामाइन पॉलिश. दीपावलीला आलेल्या पाहुण्यांनी त्यावर उभे राहून छायाचित्रे काढून घेतली.

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो; पंचेचाळीस किलोमीटरवरच्या इगतपुरीत त्याच्या चौपटीहून अधिक. त्यामुळे नाशिककर स्वतःला कोरड्या गावचे समजतात, मीही समजत होतो. परंतु लाकडाचे नुकसान पाऊस किती पडला यापेक्षा पडलेले पाणी किती दिवस मुरून राहिले यावर ठरते. आमच्या ओट्याखाली हवा शिरायला फट नव्हती. श्रावणात कुबट वास येऊ लागला. काळी माती पाणी पिऊन फुगली आणि ओट्याचा एक कोपरा अर्धा इंच वर आला. वैशाखात तीच माती आक्रसली तेव्हा तो कोपरा हलू लागला. स्क्रूंच्या भोवती काळे डाग पडले, कारण ओल्या सागवानातील द्रव्यांशी लोखंडाचे जमत नाही. मेलामाइन हे घरातील फर्निचरचे पॉलिश; उन्हापावसात ते पांढुरके होऊन पापुद्र्यांनी सुटू लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात फळी पायाखाली दबल्यासारखी वाटली म्हणून मिस्त्रीला बोलावले. वरची फळी काढली आणि आम्ही सारेच गप्प झालो. खालची चौकट कोपऱ्यापासून तीन फुटांपर्यंत वाळवीने पोखरली होती. मातीच्या नळ्या जमिनीतून थेट लाकडात चढल्या होत्या, आणि उजेड पडताच हजारो पांढुरके जीव आडोशासाठी धावू लागले. सागवानाच्या फळ्यांना त्यांनी जवळजवळ तोंड लावले नव्हते. फक्त एका फळीच्या कडेचा फिकट पांढरा पट्टा कुरतडलेला होता. मिस्त्रीने खिशातून मोबाइल काढला. फवारणीवाला तासाभरात येईल, म्हणाला.

ज्या घरात मुंगीची रांग दिसली तर आसन उचलून दुसरीकडे घालतात, त्या घरात पुढे काय झाले असेल ते आपणांस सांगायला नको. फवारणीवाला आला नाही. परंतु त्या दिवशी आम्ही काही पुण्यकर्म केले, असेही मी म्हणणार नाही. पोखरलेली चौकट मातीसकट हलक्या हाताने उचलून टेम्पोत ठेवली, ओल्या गोणपाटाने झाकली आणि गावाबाहेर आमच्याच शेताच्या बांधावर झाडाच्या सावलीत नेऊन ठेवली. वाळवीचे अंग मऊ असते, कोरड्या हवेत आणि उन्हात ती टिकत नाही, म्हणून एवढी धावपळ. त्यातले किती जीव वाचले ते ज्ञानी जाणोत. आई दारात बसून सारे पाहत होती. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "ते बिचारे त्यांच्या घरी आले होते. दार आपण उघडं ठेवलं."

पुढे वाचन केले तेव्हा कळले की तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. घरांना सर्वाधिक उपद्रव देणारी वाळवी जमिनीत राहते आणि ओलाव्यासाठी जमिनीशी संबंध सोडत नाही. म्हणूनच तर ती मातीची झाकलेली वाट बांधत येते. लाकूड मातीला टेकलेले असेल तर तिला वाट बांधण्याचीही गरज उरत नाही. इमारतींतील वाळवी रोखण्याविषयी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे. त्याचे तीन भाग आहेत: पहिला बांधकामाच्या रचनेतील उपायांचा, दुसरा बांधकामापूर्वी जमिनीवर करावयाच्या रासायनिक प्रक्रियेचा आणि तिसरा उभ्या इमारतीवरील उपचाराचा. आपण सारे पहिला भाग न उघडता तिसऱ्यापाशी येऊन पोहोचतो, आणि मग धर्मसंकट उभे राहिले म्हणून हळहळतो.

हा पहिला भाग आपल्या पूर्वजांना पाठ होता. नाशिकचा कोणताही जुना वाडा आठवून पाहा. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा आजही उंच दगडी जोत्यावर उभा आहे. गोदावरीला पूर आला की पाणी त्याच्या कितव्या पायरीला लागले, यावर गावात पुराची मापे काढली जातात. वाड्याचा लाकडी खांब कधीही जमिनीत पुरत नसत. खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर खांब. त्यामुळे जमिनीची ओल दगडात अडते आणि वाळवी वर चढलीच तर उघड्या दगडावर तिची नळी लगेच दिसते. आमच्या वाड्याचे तळखडे पाडकामाच्या ढिगाऱ्यात भरावासाठी गेले. त्यांची किंमत कोणीच विचारली नाही, मीसुद्धा.

याहून जुना दाखला हवा असेल तर पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापुढे उभे राहावे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील शिलालेख त्यात आहे. लेणे अखंड खडकातले, तरी शिल्पींनी त्याच्या दर्शनी भागाला लाकडी बांधणीचे रूप दिले: कठड्याची नक्षी, तुळया, आणि त्या तुळया खांद्यावर पेलून धरणाऱ्या सहा भव्य मूर्ती, कमरेपासून वरच्या, जमिनीतून निघाल्यासारख्या. लहानपणापासून मी त्या पाहत आलो होतो. ओटा मोडल्यानंतर पाहिल्या तेव्हा प्रथमच जाणवले की येथे कोरली आहे ती जमिनीपासून उचलून धरलेली लाकडी बैठकच.

आता दुसऱ्या ओट्याविषयी. येथे थोडे तपशिलात जावे लागेल.

अंगणातली काळी माती ही पहिली अडचण. तिच्यावर ठेवलेले काहीही स्थिर राहत नाही. म्हणून भिंतीला समांतर तीन चर खणले, अडीच फुटांवर मुरूम लागेपर्यंत, आणि ते काँक्रीटने भरून घेतले. त्यावर काळ्या दगडाचे तीस घडीव तुकडे बसविले, प्रत्येक जमिनीपासून आठ इंच वर. दोन चरांमधली वरची माती काढून तेथे चार इंच खडी पसरली आणि तिच्याखाली घरापासून बाहेरच्या बाजूला आठ फुटांस एक इंच उतार ठेवला. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली पडावे, खडीतून वाहून जावे आणि कोठेही थांबू नये, एवढाच हेतू. दगडावर जाड रबराची चकती, चकतीवर वासा. वासे अडीच बाय चार इंचांचे, सोळा सोळा इंचांवर, एकूण दहा. प्रत्येकाखाली तीन दगड. वरची फळी एक इंचाची. आठ, चार आणि एक मिळून तेरा. उंबऱ्यापेक्षा ओटा एक इंच खाली राहिला. उंबऱ्याशी अगदी समपातळीत ठेवण्याचा मोह फार होतो, परंतु तसे केल्यास पहिल्या मोठ्या सरीला पाणी दिवाणखान्यात येईल. त्या एका इंचासाठी लाकडाची निमुळती पट्टी उंबऱ्याशी लावून दिली, म्हणजे पाऊल अडखळत नाही. भिंत आणि ओटा यांत अर्ध्या इंचाची फट आहे. भिंतीची ओल लाकडात जाऊ नये आणि लाकडाची भिंतीत.

या वेळी वासेही सागवानाचे घेतले. लाकूड घेताना एक गोष्ट पाहावी: सागाचा टिकाऊपणा त्याच्या सोनेरी-तपकिरी गाभ्यात असतो, कडेचा फिकट भाग इतर कोणत्याही लाकडाइतकाच किडीला बळी पडतो. आमच्या फळीची कुरतडलेली कड हीच होती. आज बाजारात मिळणारे बरेचसे सागवान लागवडीतल्या कोवळ्या झाडांचे असते आणि त्यात हा पांढरा भाग अधिक असतो. ब्रह्मदेशाने २०१४ पासून सागाचे ओंडके निर्यात करणे बंद केले आहे, तेव्हा 'बर्मा टीक' हे शब्द ऐकून भाव ठरवू नये, फळीची कड पाहून ठरवावा. शेतात स्वतःचा साग असेल तरी तो परवानगीवाचून तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा त्याला लागू आहे. मला विचाराल तर उतरविलेल्या वाड्याचे लाकूड सर्वांत उत्तम. ते पुरते वाळलेले असते आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. रंधा मारण्यापूर्वी मात्र प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे. आमच्या फळ्यांत जुन्या घडीव खिळ्यांची मोडकी टोके निघाली, मिस्त्रीच्या रंध्याचे एक पाते त्यांनी खाल्लेच.

फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट असावी. चार इंच रुंदीची सागाची फळी चैत्रापासून भाद्रपदापर्यंत मिलिमीटर-दीड मिलिमीटर फुगते. घट्ट बसवल्यास उचलली जाते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे, आणि आधी बारीक छिद्र पाडून मगच घालावेत, नाहीतर फळीची टोके चिरतात. कापलेल्या टोकांना बसविण्यापूर्वीच तेल पाजावे. टोकाकडून लाकूड पाणी फार वेगाने ओढून घेते, आणि एकदा बसविल्यावर तेथे कुंचला पोहोचत नाही.

चारही बाजूंना अर्ध्या इंचाच्या छिद्रांची स्टीलची जाळी आहे. हवा खेळते आणि मांजराची पिल्ले आत जाऊन अडकत नाहीत. मधल्या तीन फळ्या एकत्र उचलता येतील अशा ठेवल्या आहेत. तेरा इंच म्हणजे फार उंची नव्हे, पण ऐंशी ओलांडलेल्या माणसासाठी तेवढीही पुरे. म्हणून मोकळ्या दोन बाजूंना बैठे बाक आणि दारापासून पहिल्या बाकापर्यंत एक हातकठडा. हातकठडा हा खर्चात शेवटी येतो आणि म्हणून बहुधा राहून जातो. तो आधी करावा.

अखेरचा हात कशाचा द्यावा, याविषयी आपल्या घरांनी थोडे चौकस असावे. सुताराचे जुने चपडा पॉलिश लाखेपासून होते, आणि लाख ही झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव आहे. जुन्या पद्धतीचा सरस जनावरांची कातडी आणि हाडे शिजवून करतात. मेणाच्या पॉलिशमध्ये मधमाश्यांचे मेण असू शकते. डबा घेण्यापूर्वी विचारावे. विक्रेत्याला ठाऊक नसले तरी डब्यावर बहुधा छापलेले असते. बाहेरच्या ओट्याला यांतले काहीच उपयोगी पडत नाही, हे आपले सुदैव.

पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरणारे कोणतेही पॉलिश येथे नको. ते एकदा तडकले की पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. लाकडात मुरणारे तेल हवे. कच्चे जवसाचे तेल स्वस्त असते, परंतु पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. मी बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे तयार वनस्पतिजन्य तेल वापरले. ऐंशी-शंभर नंबरच्या काचकागदाने घासायचे, त्याहून गुळगुळीत नाही, म्हणजे तेलही मुरते आणि पायालाही पकड मिळते. दोन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल सुती फडक्याने पुसून घ्यावे. आणि ही फडकी, कृपा करून, गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसासारखे वाळणारे तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते. बोळा करून ठेवलेले फडके काडी न लावता पेटू शकते. ज्यांच्या घराला लागून कापडाचे गोदाम आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. फडकी उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळू द्यावीत.

तेल वैशाखात द्यावे. चातुर्मास सुरू होताना ओटा कोरडा आणि तेल पचलेला असला पाहिजे, कारण एकदा शेवाळ धरले की ते अनंतकाय; त्यावर पाऊल ठेवणे नको आणि खरवडणेही नको. आमच्या ओट्यावर शेवाळ धरले ते एकाच ठिकाणी, तुळशीच्या कुंडीखाली. तेव्हापासून कुंड्या खाली अंगणात गेल्या आणि पावसाळाभर ओट्यावर काही ठेवायचे नाही असे ठरले. फटींतून कण खाली पडतात आणि मुंग्या येतात, म्हणून धान्य निवडायचे असेल तर खाली चादर. पापड मात्र बाकांवर वाळतात.

तिसऱ्या भागातली फवारणी या ओट्याला कधीच लागणार नाही, असे लिहून देण्यास मी तयार नाही. वाळवी जमिनीत आहेच. एवढेच सांगू शकतो की कार्तिकात आणि फाल्गुनात मधल्या फळ्या उचलून बॅटरीच्या उजेडात तीसही दगड पाहतो, पूंजणीने सुकी पाने काढतो, आणि गेल्या तीन वर्षांत एकाही दगडावर मातीची रेघ दिसलेली नाही. चुलतभावाला खर्च विचारायचा होता, त्याला सांगितला: दोन्ही ओट्यांचा मिळून. पहिला केला नसता तर दुसरा निम्म्यात पडला असता.

आई आता मागचे दार स्वतः उघडते. फळ्यांना दोन वर्षांत रुपेरी करडा रंग चढू लागला होता. मी पुन्हा तेल देऊन सोनेरी करावे म्हटले, तर तिने हा कोपरा तेवढा राहू दे म्हणून सांगितले. साग करडा पडला तरी त्याच्या बळात उणे येत नाही, तेव्हा तिचे आसन असते ती जागा तशीच ठेवली आहे. सध्या तिचे लक्ष पुढच्या दाराच्या पायऱ्यांकडे आहे. तेथे तीन पायऱ्या आहेत, आणि वाड्याच्या फळ्या संपल्या आहेत.